बारा गाणारे आणि भिंतीकडे वळलेली खुर्ची

मु. वरचीवाडी, ता. पोलादपूर
मंगळवार, दुसऱ्या चहानंतर

चि. दर्शनास,

चांगूकाकाचा आणि तुझ्या काकूचा भरघोस आशीर्वाद. इकडे सगळी खुशाली आहे, म्हणजे माझा डावा गुडघा सोडून बाकी सगळे खुशाल आहेत. तुझी तब्येत कशी आहे? घसा कसा आहे? तिकडे भात देतात की पोळीवरच बोळवण करतात? (हा काकूचा प्रश्न. गेले तीन आठवडे तिला जगातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रश्नात रस उरलेला नाही.) फ्रीजमधलं पाणी पिऊ नकोस, ओल्या केसांनी पंख्याखाली बसू नकोस, आणि कुणी कितीही गोड बोललं तरी त्याच्या हातचं आईस्क्रीम खाऊ नकोस. गाणाऱ्या माणसाला आईस्क्रीम देणारा कधी मित्र नसतो.

आता आजच्या काळात पत्र कशाला, असं तुला वाटेल. अगो, दुसरं करू तरी काय? टीव्हीवरच्या त्या 'गाता देश' गाण्याच्या स्पर्धेवाल्यांनी तुम्हा बाराही जणांचे मोबाईल काढून घेतलेत आणि रविवारी एकच फोन, तोही तीन मिनिटांचा. आपल्या वाडीत रेंज येते ती टाकीच्या वरच्या वळणावर, तीही एका पायावर उभं राहिलं तर. परवाच्या तीन मिनिटांतलं पहिलं मिनिट मी हॅलो हॅलो करण्यात घालवलं, दुसरं काकूनं भातात घालवलं आणि तिसऱ्या मिनिटाला तू रडलीस. रडता रडता दोन गोष्टी बोललीस, त्या मात्र मी नीट ऐकल्यात. एक, बाकीच्या अकरा जणांचं गाणं ऐकून तुझे हातपाय गळालेत. दोन, बाबा फोनवर येत नाही, आणि तो बोलणारच नसेल तर शनिवारच्या फेरीआधी तू बॅग भरून घरी येणार. मी 'अगो, ऐक तरी' म्हणेपर्यंत फोन कटला. तेव्हा या दोन्ही गोष्टींचं उत्तर देण्यासाठी हे पत्र आहे. बॅग आधी पलंगाखाली सरकव आणि मगच पुढे वाच.

पत्र आणतोय तो आपला बुद्धरत्न. तुला आठवत असेल, मी एस.टी.त कंडक्टर होतो तेव्हाचा माझा ड्रायव्हर, तोही आता रिटायर झालाय. उद्या लेकीकडे मुंबईत गोरेगावला निघालाय, तर तुमच्या हॉस्टेलच्या गेटवर देईल. वॉचमन आत सोडणार नाही म्हणून मला काळजी होती. पण ज्या माणसानं दर वीस मार्चला चवदार तळ्याच्या गर्दीतनं जादा गाडी कुणाला न खरचटता बाहेर काढली, तो एका वॉचमनला काय ऐकणार! आला की त्याला चहा पाज.

आधी पहिली गोष्ट घेऊ, कारण ती सोपी आहे. (दुसरीबद्दल मला काही लिहायचं नाही. तुझा बाबा, म्हणजे आमचा दादा, बरा आहे. जेवतो, झोपतो, रोज शेतावर जाऊन बांधाशी भांडून येतो. बास.) तुला घाबरवणाऱ्या त्या अकरा जणांची ओळख टीव्हीवर गेला आठवडाभर रोज आठला दाखवत होते, आणि मी त्या सगळ्यांना वही घेऊन तपासलंय. हे काम मला नवं नाही. तुझा बाबा पांडू शाहीर ज्या काळात जाखडीचे, सवाल-जवाबाच्या नाचगाण्याचे, सामने गाजवत होता, त्या काळात त्याचा हेर मी होतो. समोरच्या पार्टीचा शाहीर आदल्या आठवड्यात जिथे गाणार असेल तिथे मी डोक्याला टॉवेल गुंडाळून मागच्या रांगेत बसायचं, त्याचा श्वास कुठे तुटतो, ताल कुठे सुटतो ते हेरायचं आणि घरी येऊन दादाला सांगायचं. मग दादा नेमक्या त्या जागी सवाल टाकायचा. गावोगाव सगळेच हे करायचे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्यात एकच खोट होती, गाणं चांगलं असलं की मी हेर आहे हेच विसरायचो. एकदा तुडीलला गोमाजी शाहिराची गवळण ऐकायला गेलो, आणि तिसऱ्या कडव्याला माझा मीच उठून 'वा शाहीर, वा!' असा ओरडलो. आवाज कंडक्टरचा, लपणार कुठे? त्या बाजूची निम्मी माणसं माझ्याच गाडीनं महाडला बाजाराला यायची. त्यांनी मला उचलून पहिल्या रांगेत बसवलं आणि चहा दिला. घरी येऊन मी खाली मान घालून सांगितलं की दादा, त्याच्यात खोट नाय. दादा रागावला नाही. त्यानं नेहमीचाच पहिला प्रश्न विचारला, 'गुरूचा नाव कुठं घेतलान?'

दादाचा हा पहिला प्रश्न असायचा, मग बाकी सगळं. समोरचा कितीही मोठा असो, गाण्यात गुरूचं नाव मोकळ्या गळ्यानं घेतो की गिळतो, एवढ्यावर तो माणूस जोखायचा. जो गुरू सांगत नाही तो निगुरा, आणि निगुऱ्यासमोर दादा उभाच राहायचा नाही, सुपारी परत करायचा. आणि स्वतः दादा तर नावाच्याही आधी गुरूचा खोकला घ्यायचा. हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल. दादाचे गुरू चंदूबुवा यांना दमा होता. ते गायला सुरुवात करण्याआधी दोनदा थोडं आणि एकदा लांब खोकायचे. दादाची छाती म्हणजे सागवान, त्याला कसला दमा! पण गुरूनं दिलं ते सगळं घ्यायचं म्हणून त्यानं गाण्याबरोबर खोकलाही घेतला. दोन आखूड, एक लांब. तो खोकला ऐकला की मांडवातली माणसं बिड्या विझवायची आणि पोरं आयांच्या मांडीत गप बसायची. तू पाच वर्षांची असताना बाबाच्या मागे बसून गायचीस ती सुद्धा आधी खोकून. काकूनं त्या वर्षी तुला अडुळशाच्या चार बाटल्या पाजल्या, तेव्हा कुठे घरात उलगडा झाला.

असो. हेराचा अहवाल घे. एक सांगायचं राहिलं, अहवालात अधूनमधून एका जाणकार गृहस्थांचं मत येईल. त्यांचं नाव सांगायची मला बंदी आहे. ते रोज आठ वाजता आमच्याकडे येतात. पहिल्या दिवशी चुना मागायला आले (तंबाखू खात नाहीत), दुसऱ्या दिवशी कोयता परत करायला आले (कोयता त्यांचाच होता), आणि तिसऱ्या दिवसापासून काही न बोलता येऊ लागले. प्लास्टिकची खुर्ची घेतात, भिंतीकडे वळवतात आणि कॅलेंडरकडे तोंड करून, टीव्हीकडे पाठ करून बसतात. त्यांनी म्हणे शपथ घेतलीय की एका मुलीचं तोंड 'त्या डब्यात' बघणार नाही. ऐकण्याबद्दल शपथेत काही नव्हतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

क्रमांक एक, मिझोरामची लालरेमरुआती. (नाव मी वहीत तीनदा लिहून पाठ केलं. एवढ्या लांबून गायला आलेल्या पोरीचं नाव आपल्याला धड घेता येऊ नये, ही काय रीत झाली?) ती नर्स आहे. झोपलेल्या पेशंटला जाग येऊ नये म्हणून हळू गायची सवय लागली, असं तिनं सांगितलं. अगो, पण ते हळू म्हणजे काय हळू! घरात काकूचा कुकर लावलेला होता. गाणं सुरू झालं आणि तुझ्या काकूनं उठून गॅस बंद केला, शिट्टी मध्ये येऊ नये म्हणून. त्या दिवशी आम्ही कच्चा भात खाल्ला आणि कुणी तक्रार केली नाही. ज्या बाईनं स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही भाताकडे लक्ष ठेवलं होतं, तिनं गॅस बंद केला. यापेक्षा मोठं बक्षीस ते परीक्षक तरी काय देणार? वहीत 'दोष' असा रकाना मी आखला होता, तो रिकामा राहिला.

क्रमांक चार, तेलंगणाचा नरसय्या, आणि हा चक्क बस कंडक्टर! हे कळताच मी ताठ बसलो. एकतीस वर्षं मी तोच धंदा केला आणि माझ्या तोंडून 'पुढे सरका' याखेरीज सूर निघाला नाही. हा पठ्ठ्या घंटी मारता मारता गातो, आणि वर अशा ठिकाणी जाऊन उभा राहतो की आपल्यालाच खाली बघायची भीती वाटावी. पोलादपूरवरनं वर घाट चढताना एका वळणावर सगळी दरी एकदम उघडते ना, तसं झालं. मी काकूला म्हटलं, माझा जन्म फुकट गेला गो. काकू म्हणाली, ते मला आधीपासून माहीत हाय. दोषाच्या रकान्यात बरीच शोधाशोध करून मी 'बूट' असं लिहिलंय. बूट खरोखर वाईट होते.

क्रमांक सात, गुरदासपूरची जसलीन. हिच्या श्वासाबद्दल काय सांगू! तिनं एक सूर लावला. काकू परसात गेली, दोरीवरचे कपडे काढले, घडी घातली, आत आली, तरी सूर आपला चालूच. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचंच विसरलो, नाहीतर तुला सेकंद सांगितले असते. मी म्हटलं, संपलं, ही पोर जिंकली. तेवढ्यात कॅलेंडरकडून आवाज आला, 'दुसऱ्या वळीत श्वास चोरलान तिनं.' मी थक्क झालो. परीक्षकांना कळलं नाही, मला कळलं नाही, आणि भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला कळलं. पण लगेच ते गृहस्थ असंही म्हणाले की चोरला तो पण काय झ्याक चोरलान, अशी चोरी शिकवून येत नाय.

क्रमांक नऊ, मदुराईचा मुत्तुवेल. तो तमिळमध्ये गायला. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि डोळ्यांतनं पाणी मात्र घळाघळा. शेजारची सारिका, काकू, मी, सगळेच रडत होतो. म्हटलं, आई गेली असेल बिचाऱ्याची. मग खाली हिंदीत अर्थ लिहून आला तर तो नारळाच्या झाडाबद्दल गात होता. झाडाला काही झालेलंही नव्हतं, चांगलं उभं होतं. तरी आमचं रडू थांबेना. बाकीच्या सात जणांचं लिहीत नाही, कारण सगळ्यांपुढे मी एकच शब्द लिहिलाय, 'बाप रे'.

आता हे पत्र तुला धीर द्यायला घेतलं होतं, आणि वरचं वाचून मलाच घाम फुटलाय. पण दर्शू, खोटं कसं लिहू? हेरानं खोटं सांगू नये, ते पार्टीच्या अंगाशी येतं. ही माणसं मोठी आहेत. आपण उभ्या आयुष्यात पाहिलं नसेल अशा कुठल्या कुठल्या गावांतनं निघून ती एका जागी आलीत, आणि त्यांच्या ओळीत आपल्या वरच्यावाडीची पोर उभी आहे, या विचारानं मी आठ दिवस नीट झोपलेलो नाही. भीती वाटली तर वाटू दे. गोमाजी शाहिरासमोर दादालाही वाटली होती. मी शेजारीच होतो, मला माहीत आहे. तरी तो उभा राहिला आणि पहाटेपर्यंत गायला.

राहिला क्रमांक बारा. रायगड जिल्ह्यातली एक मुलगी. नातं बाजूला ठेवून, हेर म्हणून लिहितो. आधी तिच्यावरची फिल्म दाखवली. मुलगी बी.कॉम., महाडला कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानात कामाला, पण त्यांनी तिच्या डोक्यावर पितळी हंडा दिला (आमचा), दारात नळ असताना तिला वहाळावर पाठवली, आणि मागून एक कोंबडी चालवली (सारिकाची). मग ती गायली. अगो, काय लिहू? मुंबईला असणारी आपली माणसं गणपतीला येतात, शेवटच्या दिवशी परत निघतात आणि एस.टी. वळणाआड जाते, त्यानंतर वाडीत जे काही उरतं ना, ते त्या आवाजात होतं. मी किती वेळा ती गाडी घेऊन गेलोय, पण मागे काय उरतं ते मला परवा कळलं. दोषाच्या रकान्यात मी लिहिलंय, 'लवकर संपलं.' भिंतीकडे बसलेल्या गृहस्थांच्या पायाचा अंगठा जमिनीवर ताल धरत होता, तो मी पाहिला आणि काकूनंही पाहिला.

आणि मग टीव्हीवरची ती बाई हिंदीत म्हणाली की हिला ना कुणी गुरू, ना कसली तालीम, ही मोबाईलवर ऐकून ऐकून शिकली. अंगठा थांबला. तीन आठवड्यांपूर्वी जाहिरातीत हेच वाक्य आलं होतं, तेव्हाच त्या गृहस्थांनी स्वतःच्या घरातल्या टीव्हीवर गोधडी टाकून शपथ घेतली होती. पूर्ण कार्यक्रमात तरी नाव येईल म्हणून आठ दिवस आमच्या भिंतीकडे बघत बसले होते. परवा उठले ते तडक निघाले, एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात काकूची. झालं, मला ज्याबद्दल लिहायचं नव्हतं ते लिहून झालं. तुझा बाबा फोनवर का येत नाही ते हे आहे.

शूटिंगच्या वेळी सारिका कोंबडी धरून तिथेच उभी होती. ती शपथेवर सांगते की तू कॅमेऱ्यासमोर सात मिनिटं बाबाबद्दल बोललीस, चंदूबुवांचंसुद्धा नाव घेतलंस, आणि त्या लोकांनी ते सगळं कापलं. मी लगेच जाऊन दादाला हे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'कोंबडी ठेवली आनि गुरू कापला? असा कोन करतो काय?' खरंच, असं कोण करतं?

तेव्हा आता तू तिथेच राहा आणि गा. आमची काळजी करू नकोस, आम्हाला तुझ्याकडून काही नको. मतं कशी द्यायची ते सारिकानं सगळ्या वाडीला शिकवलंय, शनिवारी सगळे टाकीच्या वळणावर एका पायावर उभे राहणार आहेत. बाकीच्या अकरा जणांना माझा नमस्कार सांग. नरसय्याला सांग, पोलादपूरचा एक जुना कंडक्टर तुझ्या पाया पडतो, आणि बूट बदल.

तुझा,
चांगूकाका

ता.क. : काकू म्हणते, भाताचं उत्तर बुद्धरत्नकडे तोंडी दे.

ता.क. २ : आम्हाला काही नको असं वर लिहिलंय ते खोडणार होतो, पण पान खराब दिसेल म्हणून तसंच ठेवलं. एक मागणं आहे, आणि खरं तर सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. शनिवारची फेरी थेट दाखवणार आहेत, म्हणजे कापाकापी नाही. पण तुम्हाला बोलायला देत नाहीत, आलात की बाजा सुरू आणि गाणं सुरू, हे मी मागच्या वर्षी पाहिलंय. कानाला हात लावून गुरूला नमस्कार करशील, तर तो बघणारा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला असणार. म्हणून तू एकच कर. गाण्याआधी, माइक तोंडाशी असताना, खोक. दोन आखूड, एक लांब, चंदूबुवांचा. परीक्षकांना वाटेल पोरीचा घसा बसलाय, दोन मार्क कमी देतील. मोठी किंमत आहे, मला कळतं, आणि समोर ती तसली माणसं. पण तुझ्याजवळ गुरूचं जे आहे त्यातलं एवढंच त्या लोकांच्या कात्रीतनं सुटण्यासारखं आहे. नको वाटलं तर नको करूस, मी रागावणार नाही, आणि दादाला यातलं काही माहीत नाही.

ता.क. ३ : काकूनं पुडक्यात अडुळशाची बाटली ठेवलीय. ती शनिवारनंतर घे. आधी मुळीच घेऊ नकोस.

ता.क. ४ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दादा काकूची चप्पल परत करायला आला. दोन दिवसांनी! बुद्धरत्न उद्या निघालाय हे त्याला कुठून तरी कळलेलं होतं. उंबऱ्यातच उभा राहिला, माझ्याकडे न बघता म्हणाला, ती सात नंबरची पोर कुठं श्वास चोरते त्ये कुनी सांगितला असंल तर सांगितला असंल, माझा नाव नको. मग विचारलं, शनिवारी किती वाजता हाय? आठला, म्हटलं. 'मला काय करायचाय,' म्हणाला आणि आत येऊन पाणी पिऊन गेला. तो गेल्यावर काकूनं मला खुणेनं खुर्ची दाखवली. जाता जाता त्यानं खुर्चीला हात लावला होता. आता ती भिंतीकडे नाही आणि टीव्हीकडेही नाही, मध्येच आडवी, दाराकडे तोंड करून आहे. आम्ही ती तशीच ठेवलीय, केर काढतानासुद्धा हलवणार नाही. राहिलेलं वळण तुझ्याकडे आहे. खोक गो पोरी.